लाल डबीचा जावई

आमच्या राहुरीच्या घरात, टीव्हीखालच्या कपाटात, एकोणीस सिनेमे पडून आहेत. लाल प्लॅस्टिकच्या डब्या, आत चकचकीत डिस्क, एकीवरही ओरखडा नाही. फक्त त्या आता कशावरच लागत नाहीत. ज्या प्लेअरवर लागायच्या तो बंद पडून बरीच वर्षं झाली आणि तसला प्लेअर आता कोणी बनवतही नाही. बायको दर दिवाळीच्या साफसफाईत त्या डब्या भंगाराच्या पोत्यात टाकते, मी दर दिवाळीला त्या काढून परत कपाटात ठेवतो. ती म्हणते, "कशाला सांभाळताय? बघून नुसतं पोटात दुखतं तुमच्या." खरं आहे. दुखतं.

पोटात दुखण्याचं कारण म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नगरला त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही.) माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. हसतमुख, गोरा, केसाला कधी कंगवा न लावताही नीटनेटका दिसणारा. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. एखादी वस्तू घ्यायची तर मी महिनाभर वाचन करणार, चार जणांना विचारणार, वहीत टिपणं काढणार. तो दुकानात शिरणार, बोट दाखवणार, घेऊन येणार. आणि त्याचीच वस्तू चांगली निघणार. मी घेतलेला फ्रीज दुसऱ्या उन्हाळ्यात बसला, त्याचा अजून चालू आहे. माणसाने जळू नये तर काय करावं?

पण फ्रीजवरून मी जळलो ते काही खरं जळणं नव्हे. खरं जळलो ते मामांवरून.

मामा म्हणजे आमचे सासरे. जामखेडचे. जन्मभर मालट्रक चालवला. नगरचा कांदा भरायचा आणि पार बंगळूरपर्यंत न्यायचा. मुलगा नाही, दोन मुली, म्हणून जावई हेच मुलगे. माझे वडील मी सहावीत असतानाच गेले होते. लग्न ठरवायला मामा आले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "पाहुणं, गाडी येती का चालवता?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "शिकवतो मी." आणि लग्नानंतर पहिल्याच सुट्टीत जामखेडच्या माळरानावर, ट्रकच्या स्टिअरिंगवर माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवून त्यांनी मला शिकवलं. माझ्या हातावर कोणा थोरल्या माणसाने असा हात ठेवला त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांना माझ्या नावावर करून टाकलं. साडू या घरात तीन वर्षांनी आला. उशिरा आलेल्याने रांगेत मागे उभं राहावं, इतकी साधी माझी अपेक्षा होती.

पुढे मामांना हार्टचा त्रास झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. ट्रक विकला. त्यानंतर ते दर महिन्याला आठ-दहा दिवस आमच्याकडे राहुरीला येऊन राहायचे. संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मुळा धरणाकडे न्यायचो. मागे बसून ते मला सांगत, "गियर टाका. आता सोडा. आता दाबा." मला त्याचा राग कधी आला नाही.

मग आला धोंड्याचा महिना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. त्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. आमच्याकडे विष्णू दोन, पण पहिलं ताट थोरल्याचं, पाय धुवायचे ते आधी थोरल्याचे. बाकी देणं-घेणं मात्र काट्यावर तोलल्यासारखं सारखं. त्या वर्षी मामांचा एक भाचा अमेरिकेहून येणार होता. मामा म्हणाले, "यंदा कापडं न्हाईत. भाचा यायलाय, त्याला तिकडनं तुमाला पायजे ती एक-एक वस्तू आनाया सांगतो. बोला पाहुणं."

मी थोरला. रीतीप्रमाणे आधी म्हणालो, "काही नको मामा, तुमचा आशीर्वाद आहे." दुसऱ्यांदाही नको म्हणालो. तिसऱ्यांदा खिशातून कागद काढला. कागद मी चार दिवस आधीच तयार ठेवला होता.

तेव्हा डीव्हीडीनंतर काय, यावरून जगात दोन तट पडले होते. एक ब्लू-रे, तिची डबी निळी. दुसरी एचडी डीव्हीडी, तिची डबी लाल. चित्र दोन्हींचं सारखंच सुंदर, पण एकीची डिस्क दुसरीच्या यंत्रात चालत नाही. एक ना एक दिवस दोघांपैकी एक मरणार हे सगळे जाणत होते. मी सायबर कॅफेत बसून अभ्यास केला होता. लाल डिस्क जगात कुठेही लागते, देशादेशांची कुलुपं तिला नाहीत. यंत्र स्वस्त, आणि ते कसं बनवायचं याचे नियमही आधीच पक्के ठरलेले. विज्ञानाच्या बाजूने बघाल तर लालच घ्यायला हवी. मी कागदावर लाल प्लेअरचा मॉडेल नंबरसुद्धा लिहिला होता.

मग मामांनी साडूला विचारलं. त्याने डोकं खाजवलं. "मला काय कळतंय मामा त्यातलं. ते टीव्हीला लावून गेम खेळायचा डबा असतोय ना, तो आना. नवा निघालाय म्हनं." पस्तिशीचा बाप्या, दुकानदार, आणि धोंड्याच्या वाणात खेळणं मागतो! मला इतकं हसू आलं की मी पुरणाचा घास तसाच गिळला आणि ठसका लागला.

भाचा आला, दोन खोकी आली. मामींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, अनारशांच्या ताटाशेजारी दोन्ही ठेवली, कुंकू लावलं. माझं खोकं घरी आणून उघडलं तर तो प्लेअर तिकडच्या विजेवर चालणारा, म्हणून एक जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. तो सदा घुंघुं आवाज करी. प्लेअर चालू केला की डिस्क सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात चहा टाकून व्हावा. शिवाय आमच्याकडचं लोडशेडिंग. पण एकदा चित्र आलं की आलं! एलसीडी टीव्ही मी आधीच घेऊन ठेवला होता. समुद्राखालच्या माशांची डिस्क होती, माशाचा एकेक खवला मोजून घ्यावा.

मामांना मी मुद्दाम बोलावून घेतलं. समोर खुर्ची ठेवली, मागे उशी दिली, पडदे ओढले. मामा हात मांडीवर ठेवून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "लई झ्याक हाय. आता ह्यात आपन काय करायचं?"

"बघायचं, मामा."

"नुस्तं बघायचं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने तिथेच झोपले.

पुढच्या महिन्यात ते राहुरीला आले नाहीत. नगरला तपासणीला गेले होते, तिथेच साडूकडे आठ दिवस राहिले. त्याच्या पुढच्या महिन्यात पंधरा दिवस. मी बायकोला म्हणालो, "तुझ्या वडिलांना आपलं घर आवडेनासं झालं वाटतं." ती म्हणाली, "जाऊन बघा की." गेलो.

साडूच्या हॉलमध्ये जुनाच, फुगीर काचेचा टीव्ही. त्याच्यापुढे स्टुलाला आवळून बसवलेलं एक स्टिअरिंग, खाली पायात ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. साडूने पुण्याहून आणलेलं. आणि त्यापुढे मामा. पडद्यावर डोंगरातला घाट, बाकीच्या गाड्या सुसाट पुढे निघून गेलेल्या, आणि मामांची तांबडी गाडी आपली डाव्या बाजूने, सावकाश, वळणावळणाने चाललेली. वळण आलं की मामा तोंडाने हॉर्न वाजवत. समोरून कोणी येत नसताना उजवा हात बाहेर काढून "जा पुढं" म्हणून खूण करत. सगळ्यात शेवटी पोहोचले. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी अपमानकारक आलं. मामा घाम पुसत माझ्याकडे वळले, चेहरा दहा वर्षांनी तरुण झालेला. "पाहुणं, शेवटाला आलो, पर गाडीला खरचटाया दिली न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता. तसं सांगता आलं असतं तर हे लिहायला बरं वाटलं असतं. पण मला फक्त एवढंच दिसलं की साडू त्यांच्या मागे उभा आहे आणि त्याचा हात त्यांच्या खांद्यावर आहे.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढेच होती. खोकी येऊन चार महिने झाले असतील, तर साडूचा फोन. "दादा, तुमाला ठावं हाय का, ह्या डब्यात पिच्चर पन लागतोय! निळी डिस्क. भाच्यानं फोनवर सांगितलं." चार महिने त्याच्या घरात ब्लू-रे प्लेअर होता आणि त्याला पत्ता नव्हता! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तो हा. आणि सायबर कॅफेत बसून जेव्हा मी बातम्या वाचायचो तेव्हा कळायचं की जगभर हेच चाललंय. लोक गेमसाठी डबा घेत होते आणि निळ्या डिस्कचं यंत्र आपोआप त्यांच्या घरात येऊन बसत होतं. आमच्या लाल तटाशीही एक गेमचा डबा होता, पण त्यात लाल डिस्क लावायची तर वेगळं जोडयंत्र विकत घ्यावं लागे. निळ्यांनी ते पोटातच घातलं होतं. माझ्या साडूला माहीतही नव्हतं की तो एका लढाईत आहे, आणि तो जिंकत होता. अभ्यास करून हरण्यासारखं दुःख नाही, आणि अभ्यास न करता कोणी जिंकला तर ते बघण्यासारखी शिक्षा नाही.

आता जे मी केलं ते सांगतो. बायकोलाही हे मी उशिरा सांगितलं.

एका रविवारी मी साडूकडे गेलो. मामा खेळून उठले होते, मामी, माझी मेहुणी, साडू, सगळे हॉलमध्ये बसले होते. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "मामा, मी तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोललो. गेम बंद करा म्हणाले. पडद्यावरची गाडी असली तरी धडधड खरीच होते, आणि डोळ्यांवरही ताण येतो. फिजिक्सच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे." डॉक्टरांशी मी अवाक्षर बोललो नव्हतो. फिजिक्सचा तर काही संबंधच नव्हता.

साडूने तोंड उघडलं होतं, मग मिटलं. थोरला जावई बोलला की आमच्या सासुरवाडीत त्यावर बोलायची रीत नाही, आणि मी नेमका त्या रीतीच्या भरवशावर आलो होतो. मामांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. मग उठून त्याची वायर काढली, नीट गुंडाळली, गाठ मारली. "डॉक्टरनी सांगितलं तर मग काय," ते म्हणाले. "पाहुणं, पुढच्या टायमाला तुमच्याकडंच येतो."

मी जिंकलो होतो. मामा पुन्हा दर महिन्याला राहुरीला येऊ लागले. मी त्यांच्यासाठी खास डिस्क लावायचो. आता ते झोपायचे नाहीत, हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघायचे आणि "झ्याक" म्हणायचे. एकदा एका इंग्रजी सिनेमात डोंगरातल्या रस्त्यावरून गाडी उताराला लागली. मी सहज खाली पाहिलं. मामांचा उजवा पाय आमच्या फरशीवर दाबला जात होता. वळण आलं की टाच टेकून, पंजा जोर लावून. ब्रेक. गाडी वळली की पाय सैल सोडायचे. मी ते पाहिलं, आणि रिमोटचं बटण दाबून आवाज थोडा वाढवला. दुसरं काही केलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लाल डिस्क बनवणाऱ्यांनी हात टेकले. मेली ती. तिकडच्या दुकानदारांनी लाल डब्या मातीमोलाने काढल्या, आणि भाच्याने मोठ्या प्रेमाने मला एकदम दहा पाठवून दिल्या. तेराव्याचं जेवणच ते! साडूचा फोन आला, "दादा, तुमचं बंद झालं म्हनं. लई वाईट वाटलं." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, म्हणून तर मी आणखी जळलो.

मामा दोन वर्षांनी गेले. जामखेडला, दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी थोरला मुलगा असल्यासारखं सगळं केलं. साडूनेही केलं. प्लेअर पुढे कधीतरी बंद पडला आणि ट्रान्सफॉर्मर वायरमनला देऊन टाकला. आता तर निळी डिस्कही कोणी लावत नाही, सगळं मोबाईलवर येतं. आमच्या दोघांच्याही डब्यांवर धूळ आहे. यावर मी थोडं समाधान मानत होतो.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही दोघं जावई जामखेडला होतो. मामी आता थकल्या आहेत, धोंडे दोघी बहिणींनीच केले. पहिलं ताट मला. जेवणं झाल्यावर मी आणि साडू ओट्यावर पान खात बसलो होतो. माझे केस पांढरे, त्याचेही पांढरे, पण त्याला तेही शोभून दिसतात. मी चेष्टेत, पण अर्धंच चेष्टेत म्हणालो, "तुझ्या त्या गेमच्या डब्याने माझी लाल डिस्क खाल्ली, आणि मामांनाही नेत होता. बरं झालं मी वेळेवर थांबवलं."

त्याने ओट्याखाली पिंक टाकली. मग म्हणाला, "दादा, आता सांगतो, राग नका मानू. डॉक्टर आपल्या दुकानापासनं दोन गल्ल्या सोडून राहत हुते. तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी इचारलं त्यांना. ते म्हनले, मी असं काय बोललोच न्हाई, उलट मन रमतंय तर खेळू द्या."

मी विचारलं, "मग तू मामांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. त्याच दिवशी. डबा परत जोडतो म्हनलो. तर मामा म्हनले, ऱ्हाऊ दे. थोरल्या पाहुण्याला कळू देऊ नगंस. मी हितं खेळत बसलो की त्याचा जीव तुटतोय. तुला बाप हाय, त्याला न्हाई."

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला माफी मागायची होती, पण ज्यांची मागायची ते नव्हते. मला रडू यायला हवं होतं, ते नंतर, एसटीत आलं. त्या क्षणी, ओट्यावर, साडूच्या शेजारी बसून मला पहिल्यांदा काय वाटलं ते मात्र आज खरं लिहितो. मला त्याचा मत्सर वाटला. मामांच्या मनातली ही गोष्ट इतकी वर्षं त्याच्याजवळ होती, आणि मामांनी ती मला नाही, त्याला सांगितली होती.